सीमधून फोर्ट्रानचे रुटीन वापरताना

सी भाषेतल्या प्रोग्राममध्ये लॅपॅक या फोर्ट्रानमध्ये लिहिलेल्या रेषीय बीजगणिताच्या संग्रहातले एखादे रुटीन (तयार उपप्रोग्राम) वापरायला घेतले की पहिली अडचण नावाची येते. जी-फोर्ट्रान हा फोर्ट्रानचा कंपायलर रुटीनचे नाव लहान अक्षरांत करून शेवटी एक अंडरस्कोर जोडतो. तो लिहायचा राहिला तर लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे एकत्र जोडणारा प्रोग्राम, लगेच तक्रार करतो आणि प्रश्न तिथेच मिटतो. खरी पंचाईत नाव जुळल्यावर सुरू होते, कारण लिंकर फक्त नाव पाहतो. आर्ग्युमेंट्स किती, कोणत्या प्रकारची, मूल्य दिले की पत्ता, याच्याशी त्याला काही देणेघेणे नसते.

डीपीओटीआरएफ हे चोलेस्की विघटनाचे, म्हणजे सममित मॅट्रिक्स एका त्रिकोणी मॅट्रिक्सच्या आणि त्याच्याच उलटवलेल्या रूपाच्या गुणाकारात मांडण्याचे, रुटीन घ्या. त्याला प्रत्येक गोष्टीचा पत्ता द्यावा लागतो, अगदी मॅट्रिक्सचा आकार सांगणाऱ्या साध्या पूर्णांकाचासुद्धा. फोर्ट्रान मॅट्रिक्स स्तंभवार साठवते आणि सी ओळवार; पण हे मॅट्रिक्स सममितच असल्यामुळे त्याने काय बिघडणार, असे वाटते. प्रत्यक्षात 'एल' लिहून खालचा त्रिकोण मागितला, तर सीच्या नजरेने उत्तर वरच्या त्रिकोणात येते, आणि खालच्या अर्ध्या भागात मूळचेच आकडे राहतात. चूक झाली का हे सांगणारा इन्फो मात्र शून्य, म्हणजे सारे आलबेल!

त्या 'एल'मागे आणखी एक न दिसणारे आर्ग्युमेंट असते. फोर्ट्रान कंपायलर अक्षरमालेची लांबी यादीच्या शेवटी गुपचूप पाठवतो, आणि जी-फोर्ट्रान ज्या जीसीसी या कंपायलर-संचाचा भाग आहे त्याच्या आठव्या आवृत्तीपासून तिचा प्रकारही बदलून साइझ-टी (आकार मोजायचा सीमधला पूर्णांक प्रकार) झाला आहे. सीमध्ये लिहिणारे ही लांबी वर्षानुवर्षे गाळत आले, कारण एका अक्षराची लांबी सहसा कोणी वाचत नसे. २०१९ मध्ये मात्र नव्या जी-फोर्ट्रानने केलेल्या टेल-कॉल ऑप्टिमायझेशनमुळे (रुटीनने शेवटी दुसरे रुटीन बोलावताना स्वतःला मिळालेल्या आर्ग्युमेंट्सचीच जागा पुन्हा वापरणे) ती न पाठवलेली जागा लिहिण्यासाठी वापरली जाऊ लागली, बोलावणाऱ्याच्या स्टॅकवर, म्हणजे त्याच्या तात्पुरत्या मेमरीवर, भलतेच लिहिले गेले, आणि आर या सांख्यिकी भाषेच्या काही पॅकेजेस कोसळू लागल्या. यात कंपायलरला दोष देणे मला पटत नाही. आर्ग्युमेंट न पाठवता रुटीन बोलावणे हा करारभंगच होता.

फोर्ट्रान २००३ या मानकाने आयएसओ-सी-बाइंडिंग ही सीशी जोडणीची सोय आणून नावे, प्रकार आणि मूल्याने पाठवणे या सगळ्यांना अधिकृत रूप दिले. फोर्ट्रानची बाजू आपल्या हातात असेल तर दुसरा मार्ग शोधूच नये. लॅपॅकसारख्या जुन्या संग्रहासाठी लॅपॅकई हा सीचा इंटरफेस आहे, जो लांबीचा हिशेब स्वतः सांभाळतो. त्याला ओळवार मॅट्रिक्स दिले तर तो आधी उलटवून प्रत करतो, म्हणजे मोठ्या मॅट्रिक्ससाठी दुप्पट मेमरी लागते. म्हणून मी सीमध्येही मॅट्रिक्स पहिल्यापासून स्तंभवारच भरतो.