डेबियन अडले, कारण घड्याळ मागे होते
डेबियन या लिनक्स प्रणालीच्या 13 व्या आवृत्तीत 32-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर उरला नसल्याने जुन्या पेंटियमवर मी डेबियन 12 नेटबूटने (म्हणजे नेटवर्कवरून इन्स्टॉलर सुरू करून) चढवायला घेतले. डीएचसीपीकडून (नेटवर्कवर आपोआप पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) आयपी पत्ता विनातक्रार मिळाला. तरीही एचटीटीपीएस मिरर (सुरक्षित जोडणीने डेबियनच्या फायली पुरवणारा सर्व्हर) निवडताच इन्स्टॉलर अडून बसला आणि पडद्यावरचा संदेश मिररलाच दोष देत राहिला. अशा वेळी केबल आणि राउटर बदलत बसण्याआधी ऑल्ट-एफ4 दाबून लॉग (इन्स्टॉलरने ठेवलेली नोंद) वाचावा, असे माझे ठाम मत आहे. तिथे सर्व्हरची ओळख पटवणारे, ठरावीक तारखेपासूनच ग्राह्य असलेले प्रमाणपत्र अद्याप वैध झालेले नसल्याची ओळ होती. ऑल्ट-एफ2 वरच्या शेलमध्ये (आदेश टाइप करायच्या पडद्यावर) तारीख दाखवणारा ‘डेट’ आदेश दिला, तर संगणक अजून 2004 सालातच वावरत होता! मदरबोर्डवरचा, घड्याळ चालू ठेवणारा सीआर2032 सेल संपल्यामुळे वीज जाताच घड्याळ मूळ तारखेवर परतत असे. त्याच आदेशाने तारीख दुरुस्त करताच मिरर जोडला गेला. सेल नंतर बदलला.