माझाच नंबर टाका

डेटाबेस सांभाळणारा माणूस दिवसभर लोकांची माहिती चाळत असतो, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात आमचा वेळ बॅकअप पूर्ण झाला का आणि कोणती क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न, सर्व्हर अडवून बसली आहे, हे पाहण्यात जातो. नोंदी आम्हाला दिसू शकतात, पण आम्ही त्या पाहायच्या नसतात. हा नियम कुठे लिहिलेला नाही. तो मी एकदा मोडला, तोही सर्वांसमोर.

डॉक्टरांची वेळ ठरवून देणाऱ्या आमच्या ॲपमधील नोंदी दर महिन्याला एका संशोधन गटाला पाठवण्याचे काम माझ्याकडे होते. नावे काढलेली असत. मात्र एकाच रुग्णाच्या भेटी परस्परांशी जोडता याव्यात म्हणून मोबाइल क्रमांकाच्या जागी त्याचा एमडी-५ हॅश, म्हणजे ठरावीक सूत्राने त्या क्रमांकापासून बनवलेला आणि दर वेळी तोच येणारा अक्षर-अंकांचा संच, ठेवलेला असे. ही पद्धत माझ्या आधी कोणीतरी ठरवली होती आणि मीही तीन महिने ती न तपासता पाठवणीच्या पत्रावर सही केली. हॅशवरून मूळ क्रमांक काढता येत नाही, असे आम्ही सगळेच शिकलेले असतो, पण तो काढावा लागतच नाही. दहा अंकी क्रमांक म्हणजे फार तर एक हजार कोटी शक्यता. त्या सगळ्यांचे हॅश काढून ठेवले की उरते ती केवळ जुळवाजुळव, आणि एमडी-५ इतका वेगवान आहे की एक साधे ग्राफिक्स कार्डही हे काम सहज उरकते. २०१४ मध्ये न्यू यॉर्कच्या टॅक्सीफेऱ्यांची माहिती खुली झाली, तेव्हा टॅक्सींचे परवाना क्रमांक एमडी-५नेच झाकलेले होते आणि ते याच रीतीने उघडे पडले. ती हकिगत वाचताना मला आमची फाइल आठवली.

विधी विभागाने ‘नाव नाही म्हणजे वैयक्तिक माहिती नाही’ असे एका ओळीत कळवले. ज्यांनी कधी एक टेबल उघडून पाहिलेले नसते, त्यांच्याकडेच व्याख्या ठरवण्याचे काम का जाते, हे मला अजून समजलेले नाही. युरोपात २०१८ पासून लागू असलेली नियमावली अशा झाकलेल्या माहितीलाही वैयक्तिकच मानते. शिवाय आमच्या फाइलमध्ये जन्मतारीख, लिंग आणि पिनकोड होतेच. एवढ्या तीन गोष्टींवरून अमेरिकेतील ८७ टक्के लोक वेगळे ओळखता येण्याची शक्यता आहे, असे संगणकशास्त्रज्ञ लटान्या स्वीनी यांनी २००० मध्येच दाखवले होते.

बैठकीत मी हे सांगितले, तेव्हा विभागप्रमुख हसून म्हणाले, “एवढं सोपं असेल तर माझाच नंबर टाका.” मी टाकला. उत्तर यायला दोन सेकंदही लागले नाहीत. प्रोजेक्टरच्या पडद्यावर सात ओळी उमटल्या आणि सातही ओळींत विभागाचे नाव एकच होते: मनोविकार. खोलीत कोणी काही बोलले नाही. मी पडद्यावरची ती खिडकी बंद केली, पण वाचायला लागतो तेवढा वेळ सर्वांना मिळून गेला होता.

त्यांनी संमती दिली होती, असे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिले. पण पडद्यावर काय येऊ शकते, याची कल्पना त्या खोलीत फक्त मला होती. किमान प्रोजेक्टर बंद करून एकट्या त्यांना दाखवणे माझ्या हातात होते. मला मुद्दा सिद्ध करायची घाई झाली होती.

त्याच संध्याकाळी पाठवणी थांबली. आता मोबाइल क्रमांकाऐवजी यादृच्छिक खूण जाते, कोणती खूण कोणाची याचा तक्ता वेगळ्या सर्व्हरवर राहतो आणि जन्मतारखेऐवजी केवळ वयोगट जातो. जुन्या तीन फाइली नष्ट केल्याचे पत्र संशोधन गटाकडून आले. ते खरे मानण्यावाचून दुसरा मार्ग नाही. ज्यांच्या नोंदी त्या फाइलींत होत्या, त्या रुग्णांना मात्र कोणीही काही कळवलेले नाही. मी दोनदा विचारले. “विचाराधीन आहे,” एवढेच उत्तर मिळाले.

राहिली ती माझी क्वेरी. प्रत्येक क्वेरी लॉगमध्ये, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीत, जशीच्या तशी उतरते आणि लॉगला हात लावण्याची मुभा आमच्यापैकी कोणालाही नाही. ती मुभा नसावी, असा आग्रह मीच धरला होता. त्यामुळे त्या दिवसाच्या नोंदीत माझ्या नावापुढे विभागप्रमुखांचा मोबाइल क्रमांक कोणत्याही हॅशविना, उघडा पडलेला आहे.