वाफेवरचा बोरघाट : सिग्नल केबिनचं कोडं आकाराला आलं

मी बनवत असलेल्या व्हिडिओ गेममध्ये रेल्वेच्या सिग्नल केबिनचा एक मिनीगेम (खेळातला छोटा खेळ) आहे. त्याचा गाभा या टप्प्यात पक्का झाला, म्हणून ही नोंद जरा सविस्तर लिहितोय. नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. खऱ्या बोरघाटातली रेल्वे १८६३ मध्ये पूर्ण झाली. ३७ फुटांना १ फूट असा चढ आणि मध्ये रिव्हर्सिंग स्टेशन, तिथे गाडीची दिशा उलटायची. पुढे वीज आली आणि जून १९३० मध्ये डेक्कन क्वीन विजेवर धावू लागली. माझ्या खेळातल्या घाटात वीज पोचतच नाही. वाफेचीच सत्ता वाढत जाते, डोंगरभर बाष्पनळ्या पसरतात आणि खेळाडू खंडाळ्याच्या अंगाच्या एका केबिनमध्ये केबिनमन म्हणून रुजू होतो.

स्टीमपंकमध्ये, म्हणजे वाफेच्या यंत्रांवर चालणाऱ्या कल्पित जगांच्या शैलीत, मला एक गोष्ट मनापासून खटकते. दातेरी चाकं भिंतीवर फिरत असतात आणि त्यांचा कशाशीच संबंध नसतो. या खेळात पितळेचा प्रत्येक तुकडा कामाचा हवा, असं पहिल्यापासून ठरवलं होतं. आणि तसं यंत्र हवं असेल तर इंटरलॉकिंगची लिव्हर फ्रेम आयतीच तयार आहे : सिग्नल आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) हलवणाऱ्या लिव्हरांची ओळ, ज्यात धोक्याची जोडी एकत्र ओढताच येत नाही. जॉन सॅक्सबी या इंग्रज अभियंत्याचं त्यावरचं पेटंट १८५६ चं आहे, म्हणजे काळही जुळतो.

फ्रेम चालते कशी? लिव्हर ओळीने उभे असतात. तांबडे सिग्नलचे, काळे सांध्यांचे, निळे सांध्याच्या कुलपाचे, पांढरे म्हणजे रिकामे. ब्रिटिश पद्धतीचे हे रंग मी तसेच ठेवलेत, फक्त रंग ओळखायला अडचण असणाऱ्यांसाठी मुठींचे आकारही वेगळे केलेत. मजल्याखाली प्रत्येक लिव्हरला एक पोलादी पट्टी जोडलेली असते, तिला टॅपेट म्हणतात. टॅपेटच्या कडेला खाचा असतात आणि आडव्या चरांतून ठोकळे सरकतात. लिव्हर ओढला की त्याची पट्टी ठोकळ्याला बाजूला रेटते, तो ठोकळा दुसऱ्या पट्टीच्या खाचेत घुसतो आणि दुसरा लिव्हर जागच्या जागी अडकतो. एवढंच. पण ‘एवढंच’ मध्ये अख्खा खेळ बसतो.

आता मजेचा भाग. साधं कुलूप दोन्ही बाजूंनी सारखंच लागू असतं : २ नंबरचा लिव्हर ओढलेला असताना ३ नंबरचा हलत नसेल, तर ३ ओढलेला असताना २ हलणार नाही. त्यामुळे केलेली कुठलीही चाल लगेच उलटी करता येते. खेळाडू कधीच कायमचा अडकत नाही, आणि ‘पुन्हा सुरू करा’ हे बटण मी काढूनच टाकलं. कोड्याच्या खेळात ही किती मोठी देणगी आहे, हे बनवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

मात्र याच गुणातून एक सपाटपणाही येतो. सगळी कुलपं अशी दोन-दोन लिव्हरांतली असतील, तर सुरुवातीची आणि शेवटची स्थिती ठरल्यावर वाट निघत असेल तर प्रत्येक लिव्हर फार तर एकदाच हलवावा लागतो. हे गणिताने सिद्ध झालेलं आहे, आणि माझ्या सॉल्व्हरनेही (कोडं आपोआप सोडवून बघणाऱ्या प्रोग्रामने) प्रत्येक लेव्हलवर तेच दाखवलं. म्हणजे राहतो फक्त क्रम. क्रम लावणं म्हणजे यादी पुरी करणं. त्यात कोडं सुटल्याचा तो क्षण येत नाही.

त्यावरचा उपायही खऱ्या फ्रेममध्येच सापडला. निळा लिव्हर सांध्याला दोन्ही स्थितींत जखडतो. काळ्या लिव्हरच्या पट्टीवर त्यासाठी दोन खाचा असतात, एक सरळ स्थितीसाठी, एक ओढलेल्या. समजा २ हा मुख्य मार्गाचा सिग्नल, ३ लूपचा (बाजूच्या रुळाचा), ४ सांधा, ५ त्याचं कुलूप. २ आणि ५ ओढलेले आहेत आणि गाडी लूपवर घ्यायचीय. आधी २ परत टाकायचा, मग ५ सोडायचा, ४ ओढायचा, ५ पुन्हा ओढायचा आणि शेवटी ३. पाच चाली, आणि ५ दोनदा. जे हवंय तेच आधी मोडावं लागतं! पहिल्यांदा खेळणारा माणूस ५ ओढलेला बघून त्याला हात लावायला तयारच होत नाही, आणि तिथेच कोडं जन्माला येतं.

पुढची पायरी म्हणजे अटीचं कुलूप : ६ ओढलेला असेल तरच ७ ला ९ ची स्थिती बघावी लागते. असं एकच कुलूप घातलं तरी लेव्हलचा स्वभाव बदलतो. सॉल्व्हर साधा ब्रेड्थ-फर्स्ट सर्च आहे, म्हणजे आधी एका चालीत, मग दोन चालींत गाठता येणाऱ्या स्थिती असं क्रमाने सगळं तपासतो. १२ लिव्हर म्हणजे ४,०९६ स्थिती, त्या क्षणात तपासून होतात. लेव्हल निवडताना मी चालींची संख्या दुय्यम धरतो. किती लिव्हर दोनदा हलवावे लागतात आणि उत्तरापासून किती लांब जावं लागतं, ते आधी बघतो.

हाताळणीबद्दल. सॅक्सबी आणि फार्मर या कंपनीच्या फ्रेममध्ये लिव्हरची मूठ दाबली की कुलपं हलायला लागत. म्हणजे लिव्हर ओढण्याआधीच तो मोकळा आहे का, ते हाताला कळे. कंट्रोलरचा ट्रिगर अर्धा दाबला की आता तेच होतं : लिव्हर मोकळा असेल तर ठोकळे सरकतात, नसेल तर जो ठोकळा अडवतोय तो खणकन वाजतो. मजला मी लोखंडी जाळीचा केला, म्हणजे खालचं सगळं वरून दिसतं. चाचणीला बसलेले मित्र आता लिव्हरांपेक्षा जास्त वेळ खाली बघतात, आणि मला नेमकं हेच हवं होतं. मजकुरात एकही नियम लिहिलेला नाही. खऱ्या केबिनमध्ये लिव्हरवरच्या पाटीवर ‘याआधी हे ओढा’ असे आकडे कोरलेले असत. तेवढा एकच इशारा ठेवलाय, देवनागरी आकड्यांत. पुढच्या लेव्हल्समध्ये या पाट्यांवर गंज चढत जातो.

उष्णतेचा थर नुकताच जोडायला घेतलाय. सांधा हलवणारा रॉड ३०० मीटर लांब असेल आणि तापमान ३० अंशांनी वाढलं, तर पोलाद साधारण १० सेंटीमीटर लांबतं. सांध्याची जीभ (त्यातला सरकणारा रूळ) मुळात सरकतेच जवळपास तेवढी! म्हणून रॉडच्या मध्यावर कॉम्पेन्सेटर बसवतात. तो हालचालीची दिशा उलटवतो आणि दोन्ही अर्ध्यांचं लांबणं एकमेकांत विरून जातं. खेळात एका अर्ध्याशेजारून बाष्पनळी जाते, तो अर्धा जास्त तापतो, आणि मग कॉम्पेन्सेटर नेमका मध्यावर ठेवून भागत नाही. तो कुठे सरकवायचा, हे खेळाडूने शोधायचं.

राहिलंय ते कॅच सायडिंगचं, म्हणजे उतारावर ताबा सुटलेली गाडी अडवणाऱ्या बाजूच्या रुळाचं, लेव्हल. घाट उतरणाऱ्या गाडीसाठी सांधा मुळात सायडिंगकडेच वळवलेला असतो; गाडी थांबून ब्रेक ताब्यात असल्याचं दाखवते, मगच तो मुख्य मार्गाला लावतात. इथे वेळेचं बंधन घालावं असं दोघांनी सुचवलं. मी घालणार नाही. थांबलेली गाडी वाफ सोडत उभी आहे, एवढा ताण पुरेसा आहे. त्या लेव्हलसाठी अटींच्या कुलपांची खरी उदाहरणं हवी आहेत. कुणाकडे जुन्या यांत्रिक केबिनचं लॉकिंग टेबल (कुठला लिव्हर कुठल्याला अडवतो त्याचा तक्ता) असेल, कुठल्याही स्टेशनचं, तर जरूर कळवा.