मामांचा रिपोर्ट

"रक्तात प्रोटीन वाढलं म्हणजे चांगलंच नं, डॉक्टरसाहेब?" आज नागपुरात धंतोलीच्या दवाखान्यात मामांनी सरळ विचारून टाकलं. डॉक्टर हसले नाहीत, इलेक्ट्रोफोरेसिसचा, म्हणजे रक्तातली प्रोटीनं वेगवेगळी करून दाखवणाऱ्या तपासणीचा, आलेखच समोर ठेवला.

बोन मॅरोत, म्हणजे हाडांच्या आतल्या मगजात, प्लाझ्मा पेशी असतात. वेगवेगळ्या जंतूंसाठी वेगवेगळ्या अँटिबॉडी, म्हणजे जंतूंशी लढणारी प्रोटीनं, बनवणं हे त्यांचं काम. मल्टिपल मायलोमा या कॅन्सरमध्ये त्यातली एक पेशी बिघडते, तिच्याच नकला वाढत जातात आणि सगळ्या मिळून एकच अँटिबॉडी ओतत राहतात. तेच एम प्रोटीन. संसर्गाशी लढायला त्याचा काहीच उपयोग नाही. निरोगी माणसाच्या आलेखात त्या जागी सेमिनरी हिल्सच्या टेकडीसारखा पसरट उंचवटा असतो, मामांच्या आलेखात अरुंद सुळका निघाला. या प्रोटीनचे सुटे तुकडे किडनीत अडकतात. 1840 च्या दशकात लंडनचे डॉक्टर बेन्स जोन्स यांनी लघवीत तेच पाहिले होते: तापवलं की साकळतं, उकळलं की पुन्हा विरघळतं. किती विचित्र!

सुळका दिसला म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. पन्नाशीनंतर बऱ्याच जणांत थोडं एम प्रोटीन सापडतं आणि त्यातल्या वर्षाला साधारण 1 टक्का लोकांचाच आजार पुढे जातो. पण मामांची कंबर दुखते, हिमोग्लोबिनही उतरलंय. म्हणून बोन मॅरोची तपासणी करायची ठरली.

मामींची काळजी वेगळीच: तुरीचं वरण बंद करू का? डॉक्टर म्हणाले, "वरण खुशाल खाऊ द्या. कंबरेसाठी मनानं घेतात त्या पेनकिलर आधी बंद करा, किडनीला त्यांचाच धोका आहे."

मामांनी खिशातली स्ट्रिप गुपचूप मामींच्या हातात दिली.