एक फेरी उधाणाला, एक भांगाला : खारेपाटात मदतीला जाणाऱ्यांसाठी

माझ्या मित्राचं आजोळ पोयनाडपासून आत, धरमतर खाडीच्या काठावर आहे. गेल्या उन्हाळ्यात आम्ही चौघे तिथे दोनदा जाऊन आलो. वैशाख पौर्णिमेला एकदा आणि त्यानंतरच्या वद्य अष्टमीला पुन्हा. तारखा मामांनी ठरवल्या होत्या. आम्हाला शनिवार-रविवार हवा होता, पण मामा म्हणाले, "खाडीला रविवार नसतो. पौर्णिमेला या, बघा. अष्टमीला या, काम करा." पौर्णिमा-अमावास्येची मोठी भरती म्हणजे उधाण, अष्टमीच्या आसपासची छोटी भरती म्हणजे भांग. खारेपाटात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतजमिनीत, बांध दुरुस्तीच्या मदतीला जायचा विचार असेल तर कॅलेंडरवरची तिथी आधी पाहा, मग रजा टाका.

तिथे कसं पोचायचं ते थोडक्यात. पनवेलहून पेण, वडखळ, पोयनाड अशी अलिबागची एसटी सोयीची पडते. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो आहे, गाडीसकट तासाभरात उतरता येतं. गेटवेच्या लाँचेस पावसाळ्यात बंद असतात, त्यांच्या भरवशावर जून-जुलैचा बेत आखू नका. पोयनाडच्या पुढे आमच्यासारखी पायपीट टाळायची असेल तर आधीच सहाआसनी सांगून ठेवा. वाटेत चरी गावाला थांबा. १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षं इथल्या कुळांनी खोतांविरुद्ध संप करून शेतं पेरलीच नाहीत. नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी होते आणि डॉ. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. ज्या जमिनीसाठी माणसांनी सहा वर्षं उपास सोसले, तीच जमीन आज मीठ खातेय. हे डोक्यात ठेवून गावात शिरलं की बांधाकडे बघायची नजर बदलते.

पौर्णिमेला दुपारी साडेबाराच्या सुमारास मामांनी आम्हाला बांधावर उभं केलं. डाव्या हाताला खाडी तुडुंब, उजव्या हाताला शेत. शेताची पातळी खाडीच्या पाण्यापेक्षा चांगली कमरेइतकी खाली. मधे फक्त मातीचा बांध. खारेपाट म्हणजे खाडीकडून बांध घालून मिळवलेली जमीन, हे मला वाचून माहीत होतं. पण खाडीचं पाणी आपल्या पायांशी आणि भाताचं शेत त्याच्याही खाली, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. त्यासाठीच पहिली फेरी उधाणाला करायची. ओहोटीला गेलात तर बांध हा नुसता मातीचा ढिगारा वाटतो.

बांधाच्या आतल्या अंगाला मामांनी एक ओल दाखवली, तळहाताएवढी. खेकड्याचं बीळ. त्यातून पाणी झिरपत होतं. "भोक दिसला का तेवाच बुजवायचा. उद्या म्हटला का खांड." खांड म्हणजे बांध फुटून पडलेली वाट. एकदा खांड गेली की प्रत्येक भरतीला ती रुंद होत जाते. खारं पाणी शेतात शिरलं की पुढचे दोन-तीन पावसाळे नुसती माती धुण्यात जातात, असं इथले शेतकरी सांगतात. आणि खांड वर्षानुवर्षं तशीच राहिली तर शेतात तिवरं, म्हणजे खारफुटी, उगवतात. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली आणि पुन्हा २०१८ साली तिवरांच्या तोडीला मनाई केली आहे, त्यामुळे तिवरं वाढलेलं शेत परत शेत होणं फार कठीण. बांधाच्या बाहेरची तिवरं लाटा अडवतात, ती हवीतच, एका फांदीलाही हात लावू नका. बांधाच्या आतली तिवरं म्हणजे वेळेवर न बुजलेलं भोक. या दोन गोष्टींत गल्लत करून शेतकऱ्याला पर्यावरणाचे धडे देणारी माणसं मी पाहिली आहेत आणि मला त्याचा राग येतो.

मग उघाडी. बांधातून पाणी बाहेर सोडायची ही झडप. ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने ती उघडते, भरतीला खाडीच्या रेट्याने आपोआप मिटते. ना वीज, ना माणूस. पहिल्या पावसात शेतातलं मीठ विरघळतं आणि उघाडीतून खाडीत जातं. असे चार-पाच चांगले पाऊस धुऊन गेले की मगच भात. काही ठिकाणी मोड आणलेलं बी चिखलात फेकतात, त्याला रहू म्हणतात. आम्ही पाहिलेल्या उघाडीची झडप मिटतच नव्हती. फटीत नायलॉनची जाळी आणि बाटल्या अडकल्या होत्या आणि भर उधाणाचं पाणी आत येत होतं. ओहोटी लागल्यावर आम्ही ती साफ केली. अर्ध्या तासाचं काम, पण दोन्ही फेऱ्यांतलं सर्वात मोलाचं मला तेच वाटतं.

अष्टमीच्या फेरीला भांगाची भरती होती. भांगाला पाणी कमी चढतं, म्हणून बांधाची कामं तेव्हा करायची. भरतीची वेळ काढायची कोकणातली जुनी रीत आहे, तिथीची पाऊणपट. अष्टमी म्हणजे आठ, त्याची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमारास भरती आणि बाराच्या आसपास ओहोटी. रीत ढोबळ आहे, पण कामाला पुरते. म्हणजे काम भर दुपारच्या उन्हात आलं. टोपी, बाह्यांचा सदरा आणि माणशी चार लिटर पाणी आपापलं न्या, गावाच्या हंड्यातलं पिऊ नका. कारण पुढे सांगतो. बूट चिखलात रुततात, आम्ही दुपारनंतर अनवाणीच होतो, पण शिंपल्यांनी पाय कापतात. घट्ट बसणारे जुने कॅनव्हासचे बूट उत्तम. भोकात वरून माती टाकून उपयोग नाही. बीळ शेवटपर्यंत खणायचं, मग चिकट चिखल आणि पेंढा थरांनी तुडवत भरायचं. आम्ही शहरातले चौघे आणि गावातले सहा अशा दहा जणांनी दिवसभरात सात भोकं बुजवली.

एक गोष्ट जायच्या आधी विचारून घ्या. तो बांध शासकीय योजनेतला आहे की खासगी? १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याखालच्या योजनांची देखभाल शासनाच्या खारभूमी खात्याकडे असते, खासगी बांध शेतकऱ्यांनीच राखायचे. शासकीय बांधावर परस्पर कुदळ चालवली तर अडचण गावकऱ्यांना होते, तुम्हाला नाही. गावकीच्या माणसाबरोबरच जा. पूर्वी सगळा गाव मिळून बांध राखायचा, घरटी माणूस ठरलेला असायचा. आता तरुण पोरं कारखान्यात आणि मुंबईला, बांधावर साठीच्या पुढची माणसं. म्हातारा खेकड्याचं भोक बघू शकतो, पण खणू शकत नाही. आपली गरज नेमकी तिथे आहे.

आता पाण्याबद्दल. या पट्ट्यात वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि मे महिन्यात बायका टँकरची वाट बघत बसतात. पेणचं हेटवणे धरण जवळ, पण त्याचं बरंचसं पाणी नळांनी नवी मुंबईकडे जातं आणि पेणच्या खारेपाटातली बरीच गावं कोरडी राहतात. मामींच्या घरच्या विहिरीत आम्ही टीडीएस मीटर सोडला, म्हणजे लिटरमागे किती मिलिग्रॅम क्षार विरघळलेत ते मोजणारं यंत्र. वरच्या पाण्याचा आकडा हजाराच्या आत होता, तळाच्या पाण्याला मीटरची पट्टी पुरली नाही. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत, असं भारतीय मानक सांगतं. गोडं पाणी हलकं, म्हणून खाऱ्यावर तरंगतं. विहिरीत पंप तळाशी टाकून भसाभस उपसा केला की खालचं खारं वर चढतं. म्हणून बोअर मारून देऊ असं उत्साहाने सांगू नका. खोल जाल तितकं मीठ जवळ. पंपाचा पाइप तरंगत्या डब्याला बांधून वरचंच पाणी हळूहळू घ्या, हा साधा उपाय मामांच्या शेजाऱ्यांनी केला आहे आणि त्यांची विहीर मेपर्यंत टिकते.

खरा उपाय छपरावर आहे. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. पन्नास चौरस मीटरच्या कौलांवर दोन हजार मिलिमीटर पडला तर एक लाख लिटर. पाच माणसांच्या घराला पिण्या-रांधण्यापुरतं रोज पन्नास लिटर धरलं तर ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांना बारा हजार लिटर पुरतात. म्हणजे आठवा हिस्सासुद्धा लागत नाही. मात्र आमची आदल्या वर्षीची चूक तुम्ही करू नका. आम्ही फिकट रंगाची टाकी उन्हात बसवून दिली होती, पहिल्या पावसाचं पाणी बाहेर सोडायची सोय न ठेवता. दिवाळीपर्यंत पाणी हिरवं झालं आणि मामींनी ते गुरांना पाजलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला वाईट वाटलं ते अजून जात नाही. या वेळी काळी टाकी, सावलीत, तोंडाला जाळी, आणि पन्हळीखाली वेगळा पाइप. पहिले दोन-तीन पाऊस त्यातून बाहेर जातील. दर पावसाळ्याआधी कोणी छप्पर झाडायचं हेही घरातल्यांशी बोलून ठरवलं.

बियाण्यांचं विचारत असाल तर पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने काढलेल्या पनवेल-१, २, ३ या भाताच्या जाती खारवट जमिनीसाठीच आहेत. आपण मधे पडून बियाणं वाटण्यापेक्षा दोन शेतकऱ्यांना केंद्रावर घेऊन जा आणि त्यांनाच प्रश्न विचारू द्या. आम्ही नेलेले दोघे तिथे तीन तास बोलत होते.

निघताना मामींनी जिताड्याचं कालवण वाढलं. घराजवळच्या तळ्यात पाळलेला जिताडा पाहुण्यासाठी काढतात, तेव्हा नको म्हणू नका आणि पैसेही पुढे करू नका. पुढच्या वेळी येताना काय आणू ते विचारा.

अमावास्येचं उधाण ओसरल्यावर मामांचा फोन आला. बुजवलेली सातही भोकं टिकली होती. पलीकडे, उघाडीच्या अंगाला दोन नवी दिसली होती. मी विचारलं, काय घेऊन येऊ? म्हणाले, "फावडी हायत. सिमेंटची रिकामी पोती आना, पन्नासेक. आन अष्टमी चुकवू नका, पाऊस जवल आलाय."