मध्यस्थीची तारीख आणि कर्जाचं स्टेटमेंट

मध्यस्थीच्या तयारीसाठी मी कपाटातली प्रत्येक फाइल उपसली. पण खरे दिवस गेले ते एका कागदापायी. ज्या कर्जावर माझी सही आहे, त्याच कर्जाचं स्टेटमेंट मला मिळेना. त्या शाखेवरून नुसती रिक्षा गेली तरी अजून माझं डोकं तापतं.

नवरा आणि मी दीड वर्ष वेगळे राहतोय. घटस्फोटाला दोघांची तयारी होती, फक्त फ्लॅटवर गाडी अडली आणि पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयातून प्रकरण मध्यस्थीला, म्हणजे तटस्थ मध्यस्थासमोर बसून तडजोड करायला, गेलं. फ्लॅट 2014 मध्ये 46 लाखांना घेतलेला, दोघांच्या नावावर. कर्ज 36 लाख. वरचे 10 लाख आम्ही उभे केले, त्यात 4 माझ्या साठवणीतले, 3 बाबांनी दिलेले आणि 3 त्याचे. नातेवाइकांपैकी जो तो सांगत होता, "अर्धं तुझंच आहे." वकीलबाईंनी ते पहिल्याच भेटीत खोडून काढलं. गोव्यात नवरा-बायकोच्या मालमत्तेत अर्ध्या वाट्याचा कायदा आहे, महाराष्ट्रात तसा नाही. इथे घर कोणाच्या नावावर आणि पैसा कोणी घातला, हे कागदावर दाखवावं लागतं. "आणि कर्ज किती राहिलंय तो आकडा आधी आणा," त्या म्हणाल्या, "त्याच्याशिवाय तिथे बसून काही उपयोग नाही."

आकडा काढणं दहा मिनिटांचं काम वाटलं होतं. बँकेच्या ॲपवर गेले तर ओटीपी त्याच्या मोबाइलवर. दहा वर्षांपूर्वी फॉर्म भरताना मी सहकर्जदार म्हणून सही केली आणि नंबर त्याचा एकट्याचा दिला गेला. त्याला मेसेज केला. "पाठवतो" असं उत्तर आलं. तेच उत्तर तीन आठवडे येत राहिलं.

शेवटी अर्धी रजा टाकून शाखेत गेले. काउंटरवरच्या मॅडमनी फॉर्म पुढे सरकवला. खाली सहीच्या दोन चौकटी होत्या. त्यांनी पेनाच्या टोकाने पहिल्या चौकटीवर टकटक केलं. "मुख्य कर्जदाराची सही आणा."

मी विचारलं, "मॅडम, हप्ता थकला तर नोटीस कोणाला जाते?"

"दोघांना."

"मग स्टेटमेंट एकालाच का?"

त्यांनी पुढचा टोकन नंबर पुकारला.

दुसऱ्या खेपेला कळलं की कर्जाचं काम त्या शाखेत होतच नाही, त्याचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथल्या साहेबांनी मूळ शाखेचं पत्र मागितलं. मूळ शाखेत मॅनेजर रजेवर. मी अर्ज लिहून दोन प्रती नेल्या होत्या, एकीवर पोच द्या म्हटलं, तर शिक्का मारायलाही कोणी तयार होईना. इतकी वर्षं एकही हप्ता न चुकवलेल्या बाईला आपल्याच कर्जाची बाकी विचारायला कोणाची तरी परवानगी लागावी, याचा संताप मला त्या दिवशी रिक्षात रडू येईपर्यंत झाला. आई म्हणाली, "जाऊ दे, त्याच्याकडूनच घे." मला तेच नको होतं.

दरम्यान मध्यस्थीची पहिली तारीख आली आणि वाया गेली. आकडा नाही म्हणून पुढची तारीख.

मग दादाने रस्ता काढला. तोच अर्ज स्पीड पोस्टाने शाखेला पाठवला आणि बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल केला. त्यात तीनच गोष्टी लिहिल्या. मी या कर्जाची सहकर्जदार आहे, संपूर्ण परतफेडीला जबाबदार आहे, आणि 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन. ती तक्रार ऑनलाइन करता येते आणि तिला पैसे लागत नाहीत. करावी लागली नाही. एकोणिसाव्या दिवशी 11 पानांची पीडीएफ माझ्या ईमेलवर आली. मी ती ऑफिसच्या जिन्यात उभी राहून उघडली आणि शेवटच्या पानावरची बाकी तीनदा वाचली.

वाट बघताना मला एक गोष्ट सुचली, ती आधीच सुचायला हवी होती. करबचतीसाठी दरवर्षी ऑफिसात दिलेले गृहकर्जाच्या व्याजाचे दाखले माझ्याच फाइलमध्ये होते. त्यात वर्षभरात मुद्दल किती गेली आणि व्याज किती, ते वेगळं लिहिलेलं असतं. दहा वर्षांच्या मुद्दलाची बेरीज करून 36 लाखांतून वजा केली. बँकेच्या आकड्यात आणि माझ्या अंदाजात 40 हजारांचाच फरक निघाला. तुमच्याकडे ते दाखले असतील तर आज रात्रीच काढून ठेवा.

त्याची नोकरी नव्हती त्या काळात 26 हप्ते माझ्या खात्यातून गेले. 35,100 प्रमाणे 9 लाख 12 हजार 600. मी तोंडी "दोनेक वर्षं भरले" असं म्हणत होते. पासबुकात एकेका नोंदीखाली पेन्सिलने रेघ मारली तेव्हा नेमका आकडा हाती आला, आणि त्या दिवसापासून माझा आवाज चढला नाही.

बाकी कागद सहज मिळाले. इंडेक्स टू, म्हणजे फ्लॅटच्या खरेदीच्या नोंदणीचा उतारा, नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर सापडला, सोसायटीतल्या सभासदत्वाचा कागद म्हणजे शेअर सर्टिफिकेट, त्याची प्रत सोसायटीच्या सेक्रेटरींनी दिली. दागिन्यांची यादी मात्र आई आणि मी लग्नाच्या अल्बमवरून केली. पानांमधला बटर पेपर चिकटला होता, तो हलक्या हाताने सोडवत एकेक फोटो भिंगाखाली बघितला. आजीच्या पाटल्या सप्तपदीच्या फोटोत स्पष्ट दिसतात. स्त्रीधन हा वाटणीचा विषयच नाही, ते बाईचंच असतं, म्हणून त्याची यादी वेगळ्या कागदावर करा. फ्लॅटच्या हिशोबात मिसळू देऊ नका.

मध्यस्थीत आत काय बोललो ते गुप्त ठेवायचं असतं, म्हणून लिहीत नाही. एवढंच सांगते की मध्यस्थ दोघांशी वेगवेगळंही बोलतात, तेव्हा आपला कमीत कमी आकडा आधी घरी ठरवून जा. तिथे सुचत नाही. आणि प्रत्येक कागदाच्या तीन प्रती न्या.

सगळ्यात महत्त्वाचं राहूनच जात होतं. फ्लॅट तो ठेवणार असं ठरलं तरी बँक त्या समझोत्याला बांधील नसते. कर्जावर तुमचं नाव आहे तोवर बँक वसुलीला तुमच्याकडेही येऊ शकते. म्हणून आमच्या समझोत्यात वकीलबाईंनी क्रम लिहून घेतला. आधी कर्जातून माझं नाव कमी झाल्याचं बँकेचं पत्र, मग माझे पैसे, मग निबंधक कार्यालयात हक्कसोडपत्र, म्हणजे फ्लॅटमधला माझा हिस्सा सोडल्याचा कागद.

पत्र अजून आलेलं नाही. त्याची सही झाली आहे, माझी झाली आहे, अर्ज त्याच शाखेत पडून आहे. या वेळी पोचेचा शिक्का मारून घेतल्याशिवाय मी काउंटरवरून हलले नव्हते.