मॉर्फिनच्या गोळीसाठी अकरा दिवस

अण्णांचा प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांत उतरलाय, आता बरा होणार नाही, हे डॉक्टरांनी दिवाळीनंतर सांगितलं. तपासण्या, रिपोर्ट, कंबरेच्या दुखण्यासाठी रेडिएशनची एक बैठक, सगळं वेळेत झालं. अडलं ते गोळीपाशी. पेन क्लिनिकच्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅम मॉर्फिनची, म्हणजे अफूपासून बनणाऱ्या तीव्र वेदनेवरच्या औषधाची, चिठ्ठी दिली आणि ती हातात घेऊन मी अकरा दिवस फिरले.

सोलापुरात नवी पेठेपासून सात रस्त्यापर्यंत मेडिकल पालथी घातली. सगळीकडे एकच उत्तर, "ते आम्ही ठेवत नाही." मग एका मोठ्या रुग्णालयाची खिडकी. पहिल्या दिवशी सांगितलं, पेशंटला घेऊन या. अण्णांना कुशीवर वळवतानाही दोघं लागत होते, त्यांना रिक्षात कसं घालू? दुसऱ्या खेपेला चिठ्ठीवर शिक्का नाही म्हणून परत. शिक्का आणला तर कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे ते रजेवर. मग शनिवार-रविवार. सोमवारी नवा माणूस, त्याला पुन्हा आधार कार्ड, फोटो, सगळे केसपेपर दाखवायचे.

घरी अण्णा टॉवेलचं टोक दातात धरून पडलेले असायचे. ज्या माणसाने तीस वर्षं मागावर टॉवेल विणले, त्याने आवाज बाहेर जाऊ नये म्हणून तो तोंडात कोंबायचा! त्या खिडकीवरच्या कोणालाही मी अजून माफ केलेलं नाही.

नोंदवही हवी, कुलूप हवं, मान्य आहे. पण १९८५च्या अंमली पदार्थ कायद्यात २०१४ साली दुरुस्ती झाली ती याच कारणासाठी, की मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फिनसाठी अनेक परवान्यांच्या मागे लागावं लागू नये. अफू आपल्याच देशात, मध्य प्रदेश आणि राजस्थानात सरकारी परवान्याने पिकते. अन् माझे वडील किल्लीवाचून तळमळत होते. शेवटी पेन क्लिनिकचे डॉक्टर स्वतः खाली आले, खिडकीशी उभे राहिले आणि वीस मिनिटांत गोळ्या मिळाल्या.

म्हणून सांगते, चिठ्ठी घेतानाच डॉक्टरांना विचारा की गोळी कुठून मिळेल, सही-शिक्का कोणाचा लागेल आणि पेशंटऐवजी घरचं माणूस चालेल का. जमल्यास चिठ्ठीवरच लिहून घ्या.

गोळीच्या वेळा ठरलेल्या, सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा आणि रात्री दहाला दुप्पट, म्हणजे मध्यरात्री उठवावं लागत नाही. अण्णांना असं ठरवून दिलं होतं, तुमचं तुमच्या डॉक्टरांकडून घ्या. दुखायची वाट पाहायची नाही, घड्याळ पाहायचं. मी वहीत वेळ लिहायची. पहिले दोन-तीन दिवस ते गुंगीत होते, मळमळलंही. काका घाबरून म्हणाले, "मॉर्फिन दिलं म्हणजे संपलं की गं सगळं. सवय लागंल त्यांना." आत्याचंही तेच. डॉक्टरांनी समजावलं तसं मी दोघांना समजावलं, की दुखण्यासाठी मापात दिलेल्या औषधाने माणूस सहसा व्यसनी होत नाही.

चौथ्या दिवशी अण्णांनी हाक मारली, "पोरी, आज दुखायलं नाही बघ. कडक भाकरी हाय का?" दुधात कुस्करून, वर शेंगाचटणी घेऊन अर्धी भाकरी खाल्ली.

सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला, १४ जानेवारीला, बाळीवेशीतल्या मावसभावाच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसवलं. अण्णांनी हट्टाने बाराबंदी घातली होती. अंगाला दुप्पट सैल होत होती, मागून पिना लावल्या. दोनची गोळी मी पदरात बांधून नेली होती. सातही नंदीध्वज, मिरवणुकीतल्या त्या उंच काठ्या, समोरून गेले. तरुणपणी त्यांनी स्वतः काठी पेललेली. "एकदा भक्तलिंग हर्र" म्हणताना आवाज चांगला खणखणीत निघाला, शेजारचे वळून बघायला लागले.

एक राहिलंच. पोट साफ व्हायचं औषध पहिल्या गोळीबरोबरच सुरू करा. आम्हाला उशिरा कळलं, त्याचे हाल वेगळे झाले. आणि गोळी मनाने एकदम बंद करू नका.

अण्णा मार्चमध्ये गेले, घरीच, झोपेत. चौदा गोळ्या उरल्या होत्या. त्या घरात ठेवायच्या नसतात. मी त्याच खिडकीवर नेऊन मोजून दिल्या आणि वहीत सही केली.